डिपेंडंट सोर्सची पॉवर काढताना या चुका टाळा

मुलं अख्खं सर्किट बरोबर सोडवतात, नोडचं (जिथं वायरी जुळतात त्या बिंदूचं) व्होल्टेज बरोबर येतं, आणि शेवटच्या ओळीत डिपेंडंट सोर्सची, म्हणजे ज्याचा करंट किंवा व्होल्टेज सर्किटमधल्या दुसऱ्या करंट-व्होल्टेजवर ठरतं त्या सोर्सची, पॉवर चुकते. एवढी मेहनत करून तिथं मार्क गेलेले बघवत नाहीत, म्हणून एकच सर्किट घेऊन सांगतो, वही घ्या आणि सोबत करा.

१२ व्होल्टचा सोर्स, पुढं २ ओहमचा रेझिस्टर, त्यातून नोडकडं जाणारा करंट आय. नोडपासून ग्राउंडला दुसरा २ ओहम, आणि ग्राउंडकडून नोडमध्ये २आय करंट ढकलणारा डिपेंडंट करंट सोर्स. केसीएल (नोडमध्ये जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो) लावला की खालच्या रेझिस्टरमधून ३आय जातो, म्हणजे नोडचं व्होल्टेज ६आय, आणि १२ = २आय + ६आय, म्हणून आय १.५ अँपिअर, नोड ९ व्होल्ट.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. डिपेंडंट सोर्सचा करंट ३ अँपिअर हे बरोबर काढतात, पण व्होल्टेज भलतंच घेतात, कोणी १२ घेऊन ३६ वॅट लिहितं, कोणी आय ज्या रेझिस्टरमधून जातो त्याचे ३ व्होल्ट घेऊन ९ वॅट. अरे, आय फक्त सोर्सला किती करंट द्यायचा ते सांगतो, पॉवरसाठी व्होल्टेज त्या सोर्सच्या स्वतःच्या दोन टोकांमधलंच लागतं. इथं ते ९, म्हणून २७ वॅट.

मग साइन. करंट प्लस टोकातून बाहेर पडतोय म्हणजे सोर्स पॉवर देतोय. पॅसिव्ह साइनने (प्लस टोकातून आत जाणारा करंट पॉझिटिव्ह धरून) केलं तर मायनस २७ येईल, पण तो घेतलेल्या पॉवरचा आकडा आहे, प्रश्नात ‘सप्लाय केलेली’ विचारली असेल तर उत्तर प्लस २७.

आणि डिपेंडंट सोर्स नेहमी पॉवर देतोच असं डोक्यात ठेवू नका. याच सर्किटमध्ये डिपेंडंट सोर्सचा बाण खाली, म्हणजे नोडकडून ग्राउंडकडं, करा आणि २आय च्या जागी ०.५आय घ्या, तर आय ४ अँपिअर, नोड ४ व्होल्ट, आणि हा सोर्स उलट ८ वॅट खातो. बाण खाली करून २आय तसाच ठेवलात तर समीकरण ० = १२ असं होतं, उत्तरच निघत नाही, तेव्हा मूळ गणितात असलं काही आलं तर आधी बाणाची दिशा परत बघा.

सुपरपोझिशनमध्ये (एका वेळी एकच स्वतंत्र सोर्स चालू ठेवून शेवटी उत्तरांची बेरीज करताना) डिपेंडंट सोर्स बंद करायचा नाही, तो प्रत्येक वेळी सर्किटमध्ये राहतो. आणि सर्किट सोपं करताना ज्या ब्रांचमध्ये आय आहे तीच गायब करून टाकू नका, नंतर आय शोधायचा कुठं?

उत्तर लिहायच्या आधी दोन मिनिटं देऊन बेरीज कराच, १२ व्होल्टचा सोर्स १८ वॅट देतो, डिपेंडंट २७, एकूण ४५, आणि रेझिस्टर ४.५ आणि ४०.५ खातात, तेही ४५. ३६ लिहिणाऱ्याची बेरीज ५४ झाली असती आणि चूक तिथंच सापडली असती.