ब्रिटनमध्ये नाचायला जाताय? व्हिसावरची दुसरी ओळ आधी वाचा

कथकमध्ये विशारद झालंय, मंचप्रवेश (पहिला जाहीर प्रयोग) झालाय, रियाज सुटलेला नाही, हे धरूनच चालू. तिथे अडतं ते नाचात नाही, कागदात.

एमए करायला स्टुडंट व्हिसावर जाणाऱ्यांना एक अट तोंडपाठ असते: सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम. त्याच्या पुढचं फारसं कोणी वाचत नाही. या व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही आणि मनोरंजन करणारा कलावंत म्हणून नोकरीही चालत नाही. म्हणजे कॅफेत कप विसळलेले चालतात, पण दिवाळीच्या कार्यक्रमात मानधन घेऊन तराणा नाचलेला चालत नाही. रविवारी हॉल भाड्याने घेऊन आठ मुलींना तत्कार (कथकचं पदताडन) शिकवला आणि फी घेतली, तर तोही स्वयंरोजगारच. आयोजक म्हणतात, "प्रवासखर्च म्हणून देतो." पाकिटावरचं नाव बदललं म्हणून काम बदलत नाही. पोस्टरवर तुमचं नाव असतं, बँकेत नोंद असते, व्हिडिओ तर आयोजक स्वतःच टाकतात. पुढच्या व्हिसाच्या वेळी हे सगळं आड येऊ शकतं. "सगळेच करतात गं" म्हणणाऱ्या ताईंचा सल्ला चहाबरोबर घ्यावा आणि तिथेच सोडावा. अभ्यासक्रमाचाच भाग असलेल्या सादरीकरणाची गोष्ट वेगळी, पण तेही विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाला ईमेलने विचारा. तोंडी होकार उपयोगाचा नाही.

घाबरू नका, ही अट कायमची नाही. पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वयंरोजगार चालतो, नाचही चालतो. 31 डिसेंबर 2026 पर्यंत अर्ज केला तर तो 2 वर्षांचा, नंतर केला तर 18 महिन्यांचा (पीएचडीवाल्यांना 3 वर्षं). कर-वर्ष 6 एप्रिलला सुरू होतं. स्वतःच्या कामातून वर्षात 1,000 पौंडांच्या वर जमा झाले, तर वर्ष संपल्यावर येणाऱ्या 5 ऑक्टोबरच्या आत एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या करखात्याकडे) नोंदणी करायची.

त्यापुढचा रस्ता ग्लोबल टॅलेंट व्हिसाचा. नृत्यासाठीचे अर्ज आर्ट्स कौन्सिल इंग्लंड (कलांना निधी देणारी तिथली सार्वजनिक संस्था) तपासते: 3 शिफारसपत्रं आणि जास्तीत जास्त 10 पुरावे, तेही गेल्या 5 वर्षांतले. गुरूंचं मायेचं पत्र मनाला बरं वाटतं, पण तीनपैकी दोन पत्रं नावाजलेल्या कलासंस्थांची हवीत. म्हणून नाव आणि तारीख छापलेली प्रत्येक कार्यक्रमपत्रिका आजपासून जपा. फेसबुकवरचे हार्ट मोजू नका.

स्वतःची निर्मिती करायची असेल तर आर्ट्स कौन्सिलच्या प्रोजेक्ट ग्रँट्स, म्हणजे प्रकल्पासाठीची अनुदानं, आहेत. किमान 10 टक्के रक्कम दुसरीकडून दाखवावी लागते. बँक खातं अर्जदाराच्याच नावाचं लागतं. रंगमंचावरचं नाव वेगळं असेल तर अर्ज बँक खात्यावरच्या नावाने भरा. बजेटमध्ये तबलजीच्या तालमींचे दिवसही धरा, नुसता प्रयोगाचा दिवस नको.

थिएटरला टेक्निकल रायडर (प्रयोगाच्या तांत्रिक गरजांची यादी) पाठवताना 'डान्स फ्लोअर हवा' एवढंच लिहू नका. खाली स्प्रंग फ्लोअर (दणका झेलणारी लवचीक लाकडी जमीन) आहे की काँक्रीट, हे विचारा. काँक्रीटवरच्या तत्काराने नडग्या जातात. वर व्हिनाइल अंथरलेलं असेल तर पायाचा आवाज बसतो, तेव्हा जमिनीलगतचे माइक मागा. आणि घुंगरू बांधून नाचणार हे आधीच कळवा. व्हिनाइलवर ओरखडे पडतील म्हणून ऐनवेळी घुंगरू उतरवायला लावतात.