घाटावर कवितेची फिल्म दाखवताय? या चुका टाळा

पर्यावरण दिनाला कृष्णेकाठी निसर्गकवितेची फिल्म दाखवायची ठरते. कविता चांगली असते, चित्रणही बरं असतं; तरी मागच्या रांगेला ओळ वाचता येत नाही. फिल्म लॅपटॉपपासून हातभर अंतरावर बसून केलेली असते, हे त्याचं मूळ.

घाटाची भिंत म्हणजे पडदा नव्हे

माहुली असो की मेणवली, घाट काळ्या दगडाचे. तो दगड प्रकाश पिऊन टाकतो आणि चिऱ्यांच्या सांध्यांत मात्रा-वेलांट्या हरवतात. दगडावर पानांच्या सावल्या, पाण्याचे तरंग अशी ढोबळ चित्रं टाका; अक्षरं पांढऱ्या कापडावरच. एकेरी मांजरपाटातून प्रकाश आरपार जातो, म्हणून तो दुहेरी शिवून घ्या. नदीवरचा वारा सुटला की कापड शिडासारखं फुगतं आणि मधल्या ओळी धूसर होतात. कडेला दर फुटावर रिंगा मारून ते बांबूच्या चौकटीला आवळा. खालच्या दुमडीत वाळू भरलेला पाइप सरकवा.

अक्षरं लहान, बारीक किंवा मोडलेली

दर १० फूट अंतराला १ इंच उंचीचं अक्षर, हा पाट्या रंगवणाऱ्यांचा हिशेब इथेही चालतो. शेवटची रांग ५० फुटांवर असेल तर अक्षर ५ इंच हवं. १० फूट रुंद पडद्यावर, १०८० पिक्सेल उंचीच्या फ्रेममध्ये, शिरोरेषेपासून पायापर्यंत साधारण ८० पिक्सेल होतात. म्हणजे एका वेळी दोनच ओळी, आणि सहा-सात शब्दांच्या ओळीला निदान ५ सेकंद. कवींना हे पटत नाही, पण अख्खं कडवं एकदम दाखवलं तर कोणीच वाचत नाही. बारीक फॉन्टची शिरोरेषा उघड्यावर विरून जाते. ‘मुक्ता’ फॉन्टचं ठळक वळण वापरा. गडद पार्श्वभूमीवर फिकट पिवळी अक्षरं ठेवा. पांढऱ्याफेक फ्रेमवर किडे जास्त येतात, आणि पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी आली की विचारूच नका.

‘किनारा’मधली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसत असेल, तर दोष टायपिंगचा नसतो. प्रीमियर प्रो या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स उघडून ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ टेक्स्ट इंजिन निवडा आणि ओळ नव्याने टाका. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जमत नसेल तर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ बनवून पारदर्शक पीएनजी लावा. डीटीपीवाल्याकडून आलेला जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

उजेड आणि वेळ

खोक्यावरचे ‘९,००० ल्युमेन्स’ बघू नका, एएनएसआय ल्युमेन्स (प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड) विचारा. १० फूट रुंदीला ३,००० पुरतात. रुंदी दुप्पट केली की उजेड चौथाई होतो. जूनच्या सुरुवातीला साताऱ्यात सूर्य सातनंतर मावळतो, त्यामुळे पावणेआठच्या आधी सुरुवात नको. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि त्याआधीही परवानगी लागतेच. प्रोजेक्टर जमिनीवर ठेवून कीस्टोनने (तिरकं चित्र सरळ करायच्या सेटिंगने) चित्र सरळ करू नका, त्यात पिक्सेल वाया जातात, टेबलावर चढवा.

झाडावर कविता टाकायचा मोह सगळ्यांना होतो. वडा-पिंपळावर बगळे, राघू वस्तीला असतात; त्यांना उडवून पर्यावरणाची कविता कसली दाखवायची? कास पठाराचं चित्रण दिवसा, पायवाटेवरूनच करा आणि खेळ साताऱ्यात लावा.

वीज

प्रोजेक्टर ३०० वॅट, स्पीकर १५०, लॅपटॉप ६५ धरा. १५० एएचची चांगली बॅटरी आणि ८५० व्हीएचा इन्व्हर्टर दोनेक तास ओढतो. ओल्या घाटावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच. लांब एचडीएमआय केबल दगा देते. फिल्म एमपी४ करून पेनड्राइव्हवरही ठेवा आणि त्याच प्रोजेक्टरवर आदल्या दिवशी चालवून बघा. खेळ संपल्यावर दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत वायर उपसू नका, नाहीतर दिवा लवकर जातो.