ब्रेल पाटीवर लिहायला शिकताना

पॅरिसमध्ये १७८०च्या दशकात व्हॅलेंटिन आउई यांनी अंधांसाठी शाळा काढली, तेव्हा तिथल्या पुस्तकांत रोमन अक्षरंच उठावदार छापलेली असत. ती चाचपून वाचता येत, पण स्वतःच्या हातानं तशी लिहिणार कोण? लुई ब्रेल यांनी १८२९मध्ये सहा ठिपक्यांची पद्धत प्रसिद्ध केली आणि लेखणी अंध माणसाच्या हाती आली. स्वतः ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले. टिपणं आणि हिशेब दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागत, तोवर नोकरीच्या वाटा अरुंदच होत्या.

कागद १४० ते १६० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) घ्या. पातळ कागद स्टायलसनं, म्हणजे ठिपके टोचायच्या टोकदार लेखणीनं, फाटतो, आणि टिकलेला ठिपकाही दोन-चार वाचनांत बसतो. ब्रेल पाटी म्हणजे बिजागरीनं जोडलेल्या दोन पट्ट्या; ठिपके टोचायची घरं वरच्या पट्टीत असतात. पाटीची बिजागरी डाव्या हाताला ठेवा, कागद आत सारा आणि पिना रुतेपर्यंत दाबा.

लिहायचं उजवीकडून डावीकडे. एका घरात एक अक्षर; ठिपक्यांचे क्रमांक उजवीकडे वरून खाली १, २, ३ आणि डावीकडे ४, ५, ६. कागद उलटला की ठिपके वर येतात नि वाचन डावीकडून होतं. ‘कमल’साठी तीन घरं: १-३, १-३-४, १-२-३.

नवशिक्या हमखास चुकतो तो इथंच. बाजू उलटली की ‘इ’चा (२-४) ‘ए’ (१-५) होतो आणि ‘ज’चा (२-४-५) ‘ह’ (१-२-५). भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, मात्रेला वेगळी खूण नाही, व्यंजनापुढे स्वरच येतो. म्हणजे ‘कि’ लिहायला गेलात तर ‘के’ वाचलं जाईल. जोडाक्षराआधी एकटा ४ पडतो. तोच उजव्या रांगेत पडला, तर ‘अ’.

स्टायलस सरळ उभा धरा, तर्जनी मुठीवर. तिरका धरला की ठिपका लांबट होतो, टोकदार लागतो. ‘टक’ आवाज आला की पुरे; जोर वाढवून ठिपका चांगला होत नाही, भोक पडतं.

पाटीच्या ओळी संपल्या की कागद वर सरकवा. खालच्या पिनांनी पाडलेली भोकं आता वरच्या पिनांत बसली पाहिजेत. नाहीतर पुढच्या ओळी तिरप्या जातात. चुकलेला ठिपका उठावाच्या बाजूनं नखानं दाबून सपाट करा, पण त्याच जागी पुन्हा टोचू नका. तिथला कागद मऊ पडलेला असतो. शब्द पुढच्या घरात नव्यानं लिहा.