डेस्कटॉपवर बॅटरीचं चिन्ह दिसतंय?

डेस्कटॉपला बॅटरी नसते, तरी टास्कबारवर कधीकधी चार्जिंगचं चिन्ह उगवतं. आधी यूपीएसकडे बघा. त्याची यूएसबी केबल कॉम्प्युटरला जोडलेली असेल, तर विंडोज यूपीएसची बॅटरीच दाखवतंय. ते चिन्ह खरं आहे, राहू द्या. वीज गेल्यावर मशीन व्यवस्थित बंद होतं ते त्याच केबलमुळे.

यूपीएस नसेल, तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘बॅटरीज’ हा गट उलगडा. ‘एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ अशी नोंद दिसली, तर बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, बॅटरी नसतानाही ती असल्याचं सांगतंय. त्या नोंदीवर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ निवडा. ‘अनइन्स्टॉल’ नको, रीस्टार्ट केलं की ती बहुधा परत येते. मूळ दुखणं बायॉसचं असल्याने मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर नवं बायॉस आलंय का, तेही पाहा. दुर्लक्ष मात्र नको: ‘बॅटरी संपत आली’ असं समजून विंडोज चालू मशीन हायबरनेट करू शकतं, म्हणजे उघडं काम साठवून मशीन आपोआप बंद करू शकतं.

मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल उगाच बदलू नका. तो घड्याळासाठी असतो, या चिन्हाशी त्याचा संबंध नाही.