स्प्लेंडरचा कार्बोरेटर घरच्या घरी साफ करताना
स्प्लेंडर 1994 पासून आपल्या रस्त्यांवर आहे. एप्रिल 2020 मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाल्यावर तिच्यात फ्युएल इंजेक्शन आले, तरी त्याआधीच्या, कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाड्या आजही गावोगाव रोज धावत आहेत. अशी गाडी पावसाळाभर झाकून ठेवली, की कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि तळाशी पिवळसर, चिकट थर उरतो. चोक ओढला की गाडी चालू होते आणि चोक सोडताच बंद पडते, असे होऊ लागले तर दोष बहुधा पायलट जेटमध्ये असतो. स्लोवर चालणाऱ्या इंजिनाचे पेट्रोल अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असलेल्या त्याच्या छिद्रातून जाते आणि चिकटा सर्वांत आधी तिथेच बसतो.

काम उघड्यावर, गार इंजिनावर आणि आगीपासून दूर करावे. पेट्रोल कॉक बंद करून नळी काढावी, वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतले पेट्रोल डब्यात घ्यावे आणि मगच कार्बोरेटर गाडीवरून उतरवावा. अॅक्सिलरेटरच्या केबलला लटकलेली स्लाइड, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त उघडणारा सरकता भाग, आणि तिच्यातली सुई स्वच्छ फडक्यात गुंडाळून बाजूला बांधून ठेवावी, कारण सुई जरा वाकली तरी ती पुन्हा सरळ होत नाही. वाटीचे स्क्रू मऊ असतात. त्यांच्या डोक्यात नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्यावा आणि फिरवण्यापेक्षा दाबण्यावर अधिक जोर द्यावा, नाहीतर खाच झिजून स्क्रू तिथेच अडकून बसतो.

बाहेरच्या बाजूला दोन स्क्रू दिसतात. मोठा स्लोचा आणि लहान मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा. लहान स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवावा आणि किती फेरे झाले ते कागदावर लिहून ठेवावे. मला या कामातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी वाटते, कारण हा आकडा हरवला तर गाडी पुन्हा जुळवण्यात अर्धा दिवस जातो. टेकल्यानंतर जोर दिला तर त्याचे टोक आणि आतली बैठक दोन्ही बिघडतात. त्याच्यासोबत निघणारी स्प्रिंग आणि असल्यास बारीक वॉशर व ओ-रिंग छोट्या डबीत सांभाळून ठेवावी.

वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची पिन सरकवून फ्लोट आणि त्याखालची, पेट्रोलची वाट बंद करणारी निडल काढावी. निडलच्या टोकावर गोल खाच पडलेली दिसली, तर ती बदलावीच लागते. आता पायलट आणि मेन असे दोन्ही जेट बसत्या स्क्रू ड्रायव्हरने काढून उजेडाकडे धरून पाहावेत. स्वच्छ पायलट जेटमधून टाचणीच्या टोकाएवढा, पण पूर्ण गोल उजेड दिसतो. कडा अस्पष्ट असतील तर चिकटा शिल्लक आहे. जेट पितळेचे असतात, म्हणून त्यांत सुई किंवा पोलादी तार घालू नये. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून, वायरमधला तांब्याचा एकच बारीक तंतू हलकेच फिरवावा आणि हवा मारावी. क्लीनर जेटच्या मागच्या वाटांतही फवारावा. एका भोकातला फवारा दुसऱ्यातून जोरात बाहेर येतो, म्हणून चष्मा लावावा. रबराचे भाग या क्लीनरमध्ये टाकू नयेत, ते फुगतात. वाटीची गॅस्केट आणि ओ-रिंग किटमधूनच नव्या घ्याव्यात.

जोडताना स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला आणि तिची खाच आतल्या पिनवर आली पाहिजे, नाहीतर अॅक्सिलरेटर उघडाच राहतो. वाटी बसवण्यापूर्वी कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंकावे: फ्लोटच्या वजनाने हवा अडली आणि फ्लोट उचलताच मोकळी झाली, तर निडल नीट बसली आहे.

गाडीवर चढवल्यावर कॉक उघडून दहा मिनिटे थांबावे आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडत नाही ना, हे पाहावे. मिक्श्चरचा स्क्रू लिहिलेल्या फेऱ्यांवर असावा. इंजिन चांगले तापल्यावर तो थोडा इकडेतिकडे फिरवून सर्वांत वेगवान, तरीही एकसारखा आवाज शोधावा आणि मग स्लोचा स्क्रू सैल करत आवाज खाली आणावा. स्लो कमी करूनही रेस वर राहत असेल, तर आधी केबलचा ताण आणि नंतर मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर आणि इंजिन यांमधली नळी) जोडातून हवा आत शिरते का, ते तपासावे. पुढच्या वेळी गाडी उभी ठेवताना कॉक बंद करून वाटी रिकामी करावी.