कोंबडीच्या अंड्यावरून फलन कसे समजून घ्यावे

अंड्यात पिलाची सुरुवात केव्हा होते, असा प्रश्न वर्गात विचारला की बहुतेक मुले एकच उत्तर देतात: कोंबडी उबवायला बसली की. खटाव तालुक्यातील ज्या गावात मी विज्ञान शिकवतो, तेथे जवळजवळ प्रत्येक घरी खुराडे आहे आणि खुडूक कोंबडी प्रत्येकाच्या ओळखीची आहे. तरीही हे उत्तर चुकते. पिलाची सुरुवात उबेने होत नाही. ती फलनाने, म्हणजे अंडपेशी आणि शुक्रपेशी एक झाल्याने, अंड्यावर कवच चढण्याच्या कितीतरी आधी, कोंबडीच्या पोटातच झालेली असते. लैंगिक प्रजननाचा धडा पाठ करण्यापूर्वी एवढी एक गोष्ट डोळ्यांनी पाहून घ्यावी.

प्रथम दोन अंडी मिळवावीत. एक किराणा दुकानातील आणि दुसरे ज्या घरी कोंबड्यांबरोबर कोंबडाही फिरतो तेथील, शक्यतो त्याच दिवशीचे. दोन्ही अंडी वेगवेगळ्या पांढऱ्या बशांत हलक्या हाताने फोडावीत आणि बलक न मोडता त्याच्या वरच्या बाजूला असलेला फिकट ठिपका शोधावा. दुकानातील अंड्यात हा ठिपका लहान, भरीव पांढरा आणि वेड्यावाकड्या कडेचा दिसतो. घरच्या फलित अंड्यात तो थोडा मोठा, सुमारे 3 ते 4 मिलिमीटरचा, आणि मध्ये फिकट व भोवती कडे असलेला दिसतो. पहिल्या ठिपक्यात एकट्या अंडपेशीचे केंद्रक असते, तर दुसऱ्यात युग्मनजाच्या, म्हणजे फलनातून बनलेल्या पहिल्या पेशीच्या, विभाजनातून तयार झालेल्या हजारो पेशी असतात. बाकीचा बलक आणि पांढरा भाग म्हणजे शिदोरी; पिलू बलकापासून बनते असे समजणारे बरेच जण असतात, पण बलक हे त्याचे अन्न आहे.

दुकानातील अंडी फलित का नसतात, हे मला स्वतःच्या फजितीतून शिकावे लागले. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी बाजारातून डझनभर अंडी आणून पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्बच्या उबेवर ठेवली होती. तिसऱ्या आठवड्यात एक अंडे फुटले आणि प्रयोगशाळेत दोन दिवस कोणी पाऊल ठेवले नाही. अंड्यांसाठी पाळलेल्या पोल्ट्रीत कोंबडे ठेवतच नाहीत. अंडे घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, पिलासाठी मात्र लागतो.

आता कोंबडीच्या शरीरात काय घडते ते क्रमाने पाहू. अंडाशयातून बलकासह अंडपेशी सुटते आणि अंडवाहिनीच्या नरसाळ्यासारख्या तोंडात शिरते. शुक्रपेशी तेथे असतील तर फलन याच ठिकाणी होते. त्यानंतर बलकावर पांढऱ्याचे थर चढतात, मग पातळ पापुद्रे आणि शेवटी कवच, ज्याला एकट्यालाच सुमारे 20 तास लागतात. बलक सुटल्यापासून अंडे घालेपर्यंत साधारण एक दिवस जातो, आणि कोंबडीच्या शरीराच्या उबेत या दिवसभर पेशींचे विभाजन चालूच असते. अंडे बाहेर येऊन गार झाले की ही वाढ थांबते. म्हणूनच कोंबडीने दहा-बारा दिवसांत एकेक करून घातलेली अंडी एकाच दिवशी उबवायला ठेवली, तर पिले जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात. ऊब थांबलेले काम पुन्हा सुरू करते, एवढेच.

समागम आणि फलन या दोन वेगळ्या घटना आहेत, हेही येथेच लक्षात घ्यावे. कोंबडीच्या अंडवाहिनीत शुक्रपेशी साठवणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. त्यामुळे कोंबडा दूर केल्यावरही साधारण दोन आठवडे फलित अंडी मिळू शकतात. पुसेगावच्या यात्रेतील जनावरांच्या बाजारात ज्या खिलार गाई दिसतात, त्यांच्या बाबतीत हा फरक आणखी स्पष्ट होतो. गाय माजावर आली की डॉक्टर उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपलेली वळूच्या वीर्याची कांडी वापरून तिला भरवतात. वळू तेथे नसतोच, फलन मात्र गाईच्या अंडनलिकेतच होते. बेडकाचा मार्ग निराळा आहे. पहिल्या पावसात मादी डबक्यात अंडी सोडते आणि नर त्यांवर शुक्रपेशी सोडतो, म्हणजे फलन शरीराबाहेर, पाण्यात होते. अंड्यांना कवच नसते, पुष्कळशी वाया जातात, म्हणून ती शेकडो-हजारोंनी घातली जातात.

तिन्ही प्राण्यांत समान आहे तो गुणसूत्रांचा, म्हणजे पेशीतील आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्यांचा, हिशेब. कोंबडीच्या शरीरपेशीत 78 गुणसूत्रे असतात आणि गाईच्या 60. अर्धगुणसूत्री विभाजनामुळे युग्मकांत, म्हणजे अंडपेशी व शुक्रपेशींत, ती अनुक्रमे 39 आणि 30 उरतात, व फलनात मूळ संख्या पुन्हा जुळते. पिलू नर की मादी, हे पक्ष्यांत आईच्या युग्मकावर ठरते, तर माणसांत वडिलांच्या. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांत हे वाक्य मोठ्याने वाचायला हरकत नाही.

यानंतर उबवणीचे निरीक्षण करावे. आठवड्याच्या आतली दहा-बारा स्वच्छ अंडी निवडून त्यांवर पेन्सिलीने तारीख लिहावी आणि ती खुडूक कोंबडीखाली संध्याकाळी ठेवावीत. सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत, पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडून, त्याखाली मोबाइलची विजेरी लावावी आणि अंड्याचे बोथट टोक भोकावर टेकवावे. फलित अंड्यात मध्ये गडद ठिपका आणि त्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या फुटलेल्या लाल रक्तवाहिन्या दिसतात. थोडे थांबल्यास ठिपका हललेलाही दिसतो. अफलित अंडे सरळ उजळते व आत केवळ बलकाची सावली तरंगते. फक्त लाल कडे दिसले, तर वाढ सुरू होऊन मध्येच थांबली असे समजावे. एका अंड्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ देऊ नये, कोंबडी चारा-पाण्यासाठी उठलेली असतानाच अंडी उचलावीत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये.

एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिलू चोचीवरील बारीक टोकदार उंचवट्याने कवच आतून टोचते. त्याला बाहेर ओढण्याचा मोह आवरावा, कारण त्या तासांत ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि पापुद्र्यातील रक्त अंगात घेत असते. रिकामे कवच मात्र फेकू नये; उजेडात धरले की आतल्या पापुद्र्यावर, सातव्या रात्री पाहिलेल्या त्याच रक्तवाहिन्यांची वाळलेली जाळी दिसते.