मोठे टायर घालताय? लिफ्ट ठरवण्याआधी बंप रबर बघा

लिफ्ट म्हणजे गाडी वर उचलणं, आणि बंप रबर म्हणजे खड्ड्यात चाक वर येतं तेव्हा त्याला थांबवणारा रबरी ठोकळा. आधी टायरचं माप ठरवा, मग लिफ्ट. उलटं करू नका. माझ्या स्कॉर्पिओला २३५/६५ आर १७ होते, मी २४५/७० आर १७ घेतले. हिशोब घरी करता येतो: रुंदीचे टक्के काढायचे (२३५ चे ६५ टक्के), दुप्पट करायचे, त्यात रिमचे इंच मि.मी. करून मिळवायचे. जुना टायर ७३७ मि.मी. उंच, नवा ७७५. फरक ३८, त्यातला निम्माच, म्हणजे १९ मि.मी., गाडीखालच्या उंचीत मिळतो. हा १९ चा आकडा लिहून ठेवा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. रोजचं फिरणं सोलापुरातच, होटगी रोड ते सात रस्ता असेल तर सगळीकडे चालणारे ऑल-टेरेन घ्या, चिखलासाठीच्या मड-टेरेनचा आवाज आणि वजन उगाच कशाला.

आता मुख्य गोष्ट, जी मी विसरलो. स्प्रिंगला स्पेसर, म्हणजे जाड चकती टाकून गाडी दोन इंच उचलली. गॅरेजच्या दारात दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग कापून बघितलं, कुठेच लागत नव्हतं. झालं म्हणून पैसे दिले. आठ दिवसांनी आई, बायको, पोरं आणि सामान घेऊन अक्कलकोटला निघालो. एका वळणावर स्पीड ब्रेकर आला, ब्रेक मारला, गाडीचं नाक दबलं, चाक वळलेलंच होतं. टायर आत मडगार्डच्या पत्र्याच्या कडेवर घासला आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, चिरली. साइडवॉलला पंक्चर काढून भागत नाही, टायर गेला. आई मागे बसलेली होती, हात कितीतरी वेळ थरथरत होते माझे.

कारण असं. लिफ्टने उभ्या गाडीची उंची वाढते. पण खड्ड्यात चाक वर जातं ते बंप रबर आपटेपर्यंत, आणि तो रबर जागचा हललेला नसतो. म्हणजे पूर्ण दबलेल्या गाडीत टायर मडगार्डच्या १९ मि.मी. जास्त जवळ जातो, लिफ्ट दोन इंची असो की चार इंची. उभ्या गाडीत बसला म्हणजे बसला, असं समजू नका. बंप रबर बघा. मेकॅनिक नको म्हणाला तरी बघा.

बघायचं कसं? स्प्रिंग काढून, गाडी स्टँडवर पक्की ठेवून, खालचा आर्म (चाक धरणारा दांडा) जॅकने रबर दबेपर्यंत वर घ्यायचा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. हे गॅरेजमध्येच, दाबलेल्या स्प्रिंगशी घरी खेळ नको. लागत असेल तर उंच बंप रबर किंवा त्याखाली चकती. पुढचा रबर चाकापासून बराच आत असतो, त्यामुळे तिथले १० मि.मी. चाकाशी त्याहून जास्त भरतात. अंदाजाने १९ ची चकती ठोकली तर चाकाची हालचाल फुकट कमी होते आणि गाडी आदळते. लांब शॉकप घेताय तर तो तळाला टेकायच्या आधी रबर टेकला पाहिजे, नाहीतर शॉकप फुटतो. मागचे रबरही तसेच तपासा, माणसं आणि सामान मागेच बसतं.

आणि मोकळी जागा बोटभर सोडून चालणार नाही. पावसाळ्यात बार्शी, मंगळवेढ्याकडच्या शेतरस्त्यावर जाऊन बघा, काळी माती टायरला थरावर थर चढते. दोन बोटं तरी ठेवा. ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतं ते माप) बदलून रिम बाहेर काढलं तर वळताना टायर मोठा गोल फिरतो आणि बंपरला लागतो. शक्यतो मूळ रिमच ठेवा.

लिफ्ट स्वतः: स्पेसर स्वस्त, पण स्प्रिंग जुनीच राहते. कायम ओझं नेत असाल तर नवी कॉइल आणि तिच्या जोडीचे शॉकप. दीड-दोन इंचांवर जाऊ नका, बॉल जॉइंटचा कोन बिघडतो. पैसे देण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसंच सांगितलंय. नाही म्हणाले तर तिथेच थांबा. खरंच.

बसवायच्या दिवशी: चाकं लोंबकळत असताना ब्रेकचे पाइप आणि एबीएसच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना, हे हात लावून बघा. मागे ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह (वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर त्याचा दांडा सेट करून घ्या, नाहीतर उचललेली गाडी त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी करूनच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर बुश पिळून फाटतात. बंप रबर बसवलाय का? परत खाली वाकून बघा.

नंतरचं: अलाइनमेंट लगेच. हेडलाइट खाली घ्या. स्टेपनी त्याच मापाची. काटा १०० दाखवेल तेव्हा वेग १०५ च्या आसपास. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट आणि अलाइनमेंट पुन्हा. घरची सगळी माणसं बसवून एक चक्कर मारा, मग बॅटरी घेऊन मडगार्डच्या आतल्या चारही लाइनरवर घासल्याची खूण शोधा.